पिडल नदीकाठचं सासूबाईंचं माहेर: आठ महिन्यांच्या शोधाचा अनुभव

माझ्या माहेरच्या घराण्याची नामावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आहे. वडिलांनी लहानपणी ती दाखवली होती, त्यात आजोबांची सही आहे. सासर मात्र इंग्लंडमधलं, आणि सासूबाईंना आपल्या आजोबांच्या पलीकडचं काहीच ठाऊक नव्हतं. 'आमची माणसं डॉर्सेटची, पिडल खोऱ्यातली, शेतमजुरी करणारी,' एवढंच त्या सांगायच्या. गेल्या ऑक्टोबरात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली, तेव्हा मी शोधाला बसले. आठ महिन्यांत काय उपयोगी पडलं आणि मी कुठे चुकले, ते सविस्तर लिहिते.

सुरुवात जनगणनेपासून करा. १८४१ ची जनगणना नावानिशी उपलब्ध आहे, पण तिच्यात पंधराच्या वरची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात आणि घरातल्या माणसांचं एकमेकांशी नातं दिलेलं नसतं. १८५१ पासून नातं आणि जन्मगाव दोन्ही मिळतं. जन्मगाव म्हणजे पॅरिश, चर्चच्या हद्दीतली वस्ती, आणि पुढचा सगळा शोध तिच्यावरच चालतो. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत पहिल्या वर्षापासून आईचं माहेरचं आडनाव मिळतं. एकाच गावात एकाच नावाची चार मुलं असली की याच रकान्यामुळे आपलं मूल ओळखता येतं.

१८३७ च्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्याच. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. सगळ्याच गावांच्या वह्या तेव्हापासूनच्या टिकलेल्या नाहीत. डॉर्सेटसाठी मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे ऑनलाइन पॅरिश क्लार्क. एकेका गावाची जबाबदारी घेतलेले स्वयंसेवक जुन्या वह्या वाचून, उतरवून फुकट उपलब्ध करून देतात. त्या गावावर माया असलेल्या माणसाने वाचलेलं असल्यामुळे तिथली आडनावं सहसा बरोबर असतात. उलट एका पैसे भरून वापरायच्या संकेतस्थळावर आमच्या आडनावाचं पहिलं अक्षरच चुकीचं वाचलं होतं. तीन महिने मला त्या घराण्याचं एकही लग्न सापडलं नाही. शेवटी आडनाव सोडून फक्त गाव आणि वर्ष घालून शोधलं, तेव्हा ते निघालं.

माझी सर्वांत मोठी चूक वेगळी होती. १८१३ सालचा एक बाप्तिस्मा सापडला; नाव, आई, बाप, गाव सगळं जुळत होतं. त्या मुलाला मी वंशवृक्षात बसवलं आणि दोन महिने त्याच्यामागे फिरले. मग मूळ वहीच्या पानांची छायाचित्रं चाळताना दफनाची नोंद दिसली: तेच नाव, तेच गाव, वय तीन महिने. १८१५ मध्ये झालेल्या पुढच्या मुलाला आईबापांनी पुन्हा तेच नाव ठेवलं होतं. आमचा पूर्वज तो दुसरा. १८१३ पासून छापील नमुन्याच्या वह्या आल्या आणि दफनात वय लिहू लागले, म्हणूनच हे कळलं. प्रत्येक बाप्तिस्म्यानंतर पुढच्या दहा वर्षांची दफनं आधी बघा.

आणखी एक फसगत तारखांची. १७३१ च्या फेब्रुवारीत मुलाचा बाप्तिस्मा आणि त्याच वर्षी मे महिन्यात आईबापांचं लग्न, असं वाचून मी चमकले. पण १७५२ पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तो फेब्रुवारी त्या मे महिन्याच्या नंतरचा, आपल्या हिशेबाने १७३२ चा. मी उगाच त्या माणसांवर संशय घेतला होता.

खरी माणसं भेटली ती डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात. पिशवी लॉकरमध्ये, हातात फक्त शिसपेन्सिल. तिथे गरिबांच्या मदतीचे कागद मागवले. १६६२ च्या कायद्याप्रमाणे मदत द्यायची जबाबदारी माणसाच्या 'हक्काच्या' पॅरिशवर असे. अविवाहित मजुराने दुसऱ्या गावी वर्षभराच्या करारावर पूर्ण वर्ष काम केलं की त्याचा हक्क त्या गावाकडे जाई, आणि लग्नानंतर बायकोचाही. त्या दुसऱ्या मुलाची आई १८२३ मध्ये विधवा झाली. पदरात तीन मुलं. पुढच्याच वर्षी दोन न्यायाधीशांच्या सहीने तिला नवऱ्याने लग्नाआधी चाकरी केलेल्या गावी पाठवल्याचा कागद मी वाचला. तिथे तिचं कोणीही नव्हतं. वाचनालयात बसून मला रडू आलं. याच खोऱ्यातल्या टॉलपडलच्या सहा मजुरांना संघटना बांधली म्हणून १८३४ मध्ये सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून सातवर आली होती. त्या मजुरीत विधवा वहिनीला कोण पोसणार?

१८४१ च्या जनगणनेत मात्र ती परत आपल्या गावात दिसते, वय पन्नास. नातं लिहिलेलं नाही. १८५१ मध्ये त्याच घरात तिच्या नावापुढे 'आई, विधवा' आहे. म्हणजे मुलाने तिला परत आणलं होतं.

तिच्या १८१२ च्या लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी फुली आहे, किंचित तिरकी, शाई पसरलेली. मी ते पान सासूबाईंना दाखवलं. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांची अक्षरं गिरवून घेतलेल्या बाईंनी पडद्यावर त्या फुलीवरून बोट फिरवलं, आणि बराच वेळ काढलं नाही. आता पुढच्या फेरीत मला त्या दुसऱ्या गावाच्या हिशेबवह्या बघायच्या आहेत. गरिबांना आठवड्याला किती शिलिंग, कोणाला जोडे, कोणाला सरपण, हे त्यात लिहिलेलं असतं. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात तिला काय मिळालं, ते शोधायचं आहे.