पिल्लाचे ‘पेपर’ आणि मायक्रोचिप: जादा पैसे कशाचे द्यायचे?

कोल्हापुरात लॅब किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू बघायला गेलं की दोन भाव ऐकायला मिळतात, पेपरवाल्याचा आणि विदाऊट पेपरचा. विदाऊट पेपर पिल्लाचं तोंड लगेच उघडून दाखवतात. “टाळू बघा की, काळीकुट्ट हाय. प्युअर माल.” हे परीक्षण आहे ते पेपरच्या जादा पैशांत मिळणाऱ्या सेवेचं, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची (केसीआय) नोंदणी आणि पिल्लाच्या कातडीखालची चिप. मत आधीच सांगतो: पैसे जरूर द्या, पण चिप आणि कागद एकमेकांशी ताडून बघितल्यावरच.

टाळूचा रंग हा नुसता रंग आहे. गल्लीतल्या गावठी कुत्रीच्या पिल्लांचीही टाळू काळी असते आणि अस्सल लॅबची गुलाबी किंवा ठिपक्यांची असू शकते. नखांचंही तेच. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी साधारण 18 नखं असतात. मागं आतल्या बाजूला एकेक जादा आलं की ‘वीस नखी’ म्हणून भाव चढतो. हे जादा नख आनुवंशिक आहे, पण ते गावठीतही येतं. ब्रियार्ड, ग्रेट पायरेनीज अशा मोजक्याच जातींच्या मानकात, म्हणजे जातीच्या अधिकृत वर्णनात, मागचं दुहेरी नख सांगितलेलं आहे. लॅबला ते असलं म्हणून काही सिद्ध होत नाही. उलट ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. वेळेवर कापलं नाही तर गोल वळून मांसात घुसतं आणि पू होतो.

या समजुतींनी चांगली पिल्लंही नाकारली जातात, याचं जास्त वाईट वाटतं. दोन महिन्यांच्या जर्मन शेफर्डचे कान पडलेले असणारच. ते साधारण चार ते सहा महिन्यांत उभे राहतात आणि दात बदलताना मध्येच पुन्हा पडतातही. लॅबच्या छातीवरचा छोटा पांढरा ठिपका मानकाला चालतो. दोन्ही आईबाप काळे असले तरी दोघांकडे पिवळ्या रंगाचं दबलेलं जनुक असेल तर पिवळं पिल्लू होतं. त्यात मिसळ काही नाही. जाड पायांचं म्हणून सांगतात तो ‘डबल बोन’ नावाचा तर कुठला प्रकारच नाही. पाय जाड दिसावेत म्हणून पिल्लाला जादा चारलं, तर वाढत्या सांध्यांवर भार येतो.

आता सेवेकडे. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात. तिच्यात 15 अंकी नंबर असतो, बॅटरी नसते, म्हणून कुत्रं हरवलं तर ती जागा सांगत नाही. पैसे देण्याआधी पिल्लू, कागद आणि रीडर (चिपचा नंबर वाचणारं यंत्र) एकाच टेबलावर हवेत. रीडर अंगाला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा. मानेजवळ नंबर लागला नाही तर खांद्यावर आणि कोपरापर्यंत बघा, कारण चिप सरकते. मग पंधराच्या पंधरा अंक कागदाशी मोठ्यानं वाचून जुळवा. शेवटचे चार जुळले म्हणून थांबू नका. विकणाऱ्याकडे रीडर नसेल तर पिल्लू जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासायची अट घाला. तो तयार नसेल तर सौदा सोडा.

कागदावर आईबापांच्या रकान्यात नावं आहेत का, ते बघा. वंश माहीत नसलेल्या कुत्र्याचीही तपासणी करून केसीआय नोंद करतं. तो कागद खोटा नसतो, पण पिढ्यांचा पुरावाही नसतो. एकाच कुत्र्याचं नाव बापाच्या आणि आईच्याही पूर्वजांत आलं असेल तर जवळच्या नात्यातलं मिलन झालेलं आहे का, हे विचारून घ्या. आणि वंशावळीवरून खुब्याचं कळत नाही. लॅब आणि शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष बराच आढळतो. त्यासाठी आईबापांचे वयाच्या वर्षानंतर काढलेले खुब्याचे एक्सरे वेगळे मागावे लागतात. या सेवेतली आम्हाला खटकणारी उणीव हीच.

मुधोळ जातीचं कुत्रं घेणाऱ्यांसाठी एक खुलासा. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ आपल्याला जवळ, त्यामुळं इकडं या शिकारी कुत्र्यांची हौस जुनी. केसीआयच्या कागदावर मात्र ‘कॅरव्हॅन हाउंड’ लिहिलेलं असतं. नाव वेगळं दिसलं म्हणून फसवणूक समजू नका. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून करायची डीएनए चाचणी या जातीला बेभरवशाची, कारण कंपनीच्या संचात मुधोळचे नमुने नसतील तर उत्तरात भलत्याच जाती येतात.

विक्रीचं पिल्लू किमान आठ आठवड्यांचं हवं, असं 2017 चे केंद्राचे नियम सांगतात. कागद ‘मागनं पाठवतो’ हे मान्य करू नका. मूळ कागदासोबत मालकी हस्तांतराच्या अर्जावर विकणाऱ्याची सही तिथंच घ्या. ती राहिली तर पिल्लू तुमच्या दारात आणि नोंद त्याच्या नावावर.