फॅन्टसी प्रीमियर लीग: नावाला नाही, मिनिटांना गुण

३० नोव्हेंबर २०२५ला वेस्ट हॅमच्या मैदानावर लिव्हरपूलचा प्रशिक्षक आर्ने स्लॉटने मोहम्मद सलाहला बाकावर बसवलं आणि पूर्ण सामना तिथेच ठेवलं. लिव्हरपूल २-० जिंकलं. याच सलाहने आदल्या हंगामात २९ गोल आणि १८ असिस्ट (गोलला कारणीभूत पास) करत, इंग्लिश प्रीमियर लीगच्या खऱ्या सामन्यांवर चालणाऱ्या फॅन्टसी प्रीमियर लीग या ऑनलाइन खेळात, म्हणजे एफपीएलमध्ये, ३४४ गुण मिळवले होते. तोवर एका हंगामात एवढे गुण कुणालाच मिळाले नव्हते. नवा हंगाम सुरू होताना खेळातल्या नकली पैशांत त्याची किंमत १४.५ मिलियन लावली होती, खेळातली सर्वांत जास्त. त्या रविवारी त्याच्या नावापुढे शून्य लागलं. संघ बदलायची डेडलाइन आदल्या दिवशीच उलटून गेलेली, त्यामुळे कुणाला काही करताही येईना.

एफपीएलची ताकद नेमकी इथे आहे. खेळाडूचं नाव, जुने विक्रम, चाहत्यांचं प्रेम या कशालाही इथे गुण नाहीत. प्रशिक्षक त्याला किती मिनिटं खेळवतो आणि कुठल्या जागेवर खेळवतो, यावर सगळं ठरतं. फुटबॉल नुसता बघणाऱ्याला प्रशिक्षकाच्या डोक्याने विचार करायला लावणारी दुसरी फुकट गोष्ट माझ्या माहितीत नाही.

फुकट हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या फॅन्टसी स्पर्धा ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंद पडल्या. एफपीएलला त्याची झळ लागली नाही, कारण इथे प्रवेश फी नाही. ईमेल द्या, संघ बनवा, ३८ आठवडे खेळा.

रचना अशी: १०० मिलियनमध्ये १५ खेळाडू घ्यायचे. २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त ३. दर आठवड्याला त्यातले ११ उतरवायचे, आणि त्यांत किमान ३ डिफेंडर, २ मिडफिल्डर आणि १ फॉरवर्ड हवेतच. ६० मिनिटं किंवा जास्त खेळला तर २ गुण, त्याहून कमी खेळला तर १. गोलला फॉरवर्डला ४, मिडफिल्डरला ५, डिफेंडरला ६ आणि गोलकीपरला १०. असिस्टला सगळ्यांना ३. क्लीन शीटला, म्हणजे संघाने एकही गोल न खाल्ल्यास, गोलकीपर आणि डिफेंडरला ४, मिडफिल्डरला १. पिवळ्या कार्डाला उणे १, लालला उणे ३. सामन्यातल्या सर्वोत्तम तिघांना ३, २, १ असा बोनस. हे एवढं पाठ झालं की उरलेला खेळ अंदाजाचा, आणि अंदाज कसला तर प्रशिक्षकाचा.

साठाव्या मिनिटाचंच बघा. डिफेंडरला ५९व्या मिनिटाला बाहेर काढलं तर क्लीन शीटचे ४ गुण गेले आणि खेळल्याचे २ऐवजी १च मिळाला. उलट ७०व्या मिनिटाला ०-० असताना बाहेर आला आणि ८०व्या मिनिटाला त्याच्या संघाने गोल खाल्ला, तरी त्याची क्लीन शीट शाबूत. त्यामुळे युरोपियन सामन्यांच्या आठवड्यात कोणता प्रशिक्षक फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) लवकर काढतो, हे ज्याला माहीत तो पुढे राहतो. ग्वार्दिओलाचा मँचेस्टर सिटी संघ तर या बाबतीत कुप्रसिद्ध झाला. सिटीचे विंगर आणि हल्ला करणारे मिडफिल्डर कागदावर कितीही मोहात पाडोत, बुधवारी चॅम्पियन्स लीगमध्ये ९० मिनिटं खेळलेला माणूस शनिवारी बाकावर दिसू शकतो. सिटीतून एकच घ्यायचा असेल तर हालांड, कारण तंदुरुस्त असला की तो सहसा सुरुवातीपासून असतो.

कॅप्टनचा नियम मात्र मला पटत नाही. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. तो अजिबात उतरला नाही तर दुप्पट गुण व्हाइस-कॅप्टनला जातात, इथपर्यंत ठीक. पण कॅप्टन ८९व्या मिनिटाला आत आला तर तो 'खेळला' असं धरतात: १चे दुप्पट २, आणि व्हाइस-कॅप्टनने दोन गोल केलेले असले तरी त्याला दुप्पट नाही. म्हणून दुखापतीतून नुकत्याच परतलेल्या खेळाडूला कॅप्टन करू नये. तो अजिबात न खेळणं परवडतं, एक मिनिट खेळणं परवडत नाही. बाकाच्या क्रमालाही हेच लागू. पहिल्या अकरांतला कुणी उतरलाच नाही तरच बाकावरचा आत येतो, तोही तुम्ही लावलेल्या क्रमाने आणि फॉर्मेशन मोडत नसेल तरच. हा क्रम लावायला बरेच जण विसरतात आणि ८ गुणांचा डिफेंडर बाकावर सडतो.

आता किंमत आणि नाव. हंगाम सुरू होण्याआधी ठरणाऱ्या किमती मागच्या वर्षीच्या गुणांवर आणि नावावर बेतलेल्या असतात, आणि पैसा बनतो तो तिथेच. २०१५-१६मध्ये लेस्टरचा रियाद महरेझ ५.५ मिलियनला होता, त्याने २४० गुण केले. २०२३-२४मध्ये कोल पामर ५.० मिलियनला सिटीच्या बाकावरचा पोरगा म्हणून यादीत होता. १ सप्टेंबर २०२३ला तो चेल्सीत गेला, काही आठवड्यांत पेनल्टी त्याच्याकडे आल्या आणि हंगामाअखेर २२ गोल, ११ असिस्ट, २४४ गुण, सगळ्यांत वर. २०२४-२५मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ख्रिस वुडने ६.० मिलियनात २० गोल दिले. तिघांच्या बाबतीत सूत्र एकच: प्रशिक्षकाने जागा पक्की केली, आणि ती जागा त्याच्या किमतीपेक्षा मोठी होती. म्हणून खेळाडू निवडताना हे तीन प्रश्न विचारा. सलग तीन सामने सुरुवातीपासून खेळला का? पेनल्टी, कॉर्नर, फ्रीकिक यांतलं काही त्याच्याकडे आहे का? खेळात त्याची नोंद ज्या जागेवर आहे, त्याच्यापुढे तो प्रत्यक्षात खेळतो का? प्रशिक्षक ग्लासनरच्या काळातला क्रिस्टल पॅलेसचा डॅनियल मुन्योझ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तम उत्तर. नोंद डिफेंडर म्हणून, पण तीन सेंटर-बॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) रचनेत कडेने पुढे जाणारा विंग-बॅक असल्याने तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोरच्या पेटीत सतत दिसायचा. त्याच्या गोलला ६ गुण.

२०२५-२६साठी आलेला सर्वांत मोठा बदल म्हणजे बचावाचे गुण, आणि माझ्या मते गेल्या अनेक वर्षांतला हा सर्वांत शहाणा बदल आहे. डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून १० केले की २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी यात चेंडू परत मिळवणंही धरतात, पण आकडा १२. कितीही केले तरी सामन्याला २च गुण, गोलकीपरला हे लागू नाही. याचा परिणाम हिशोबाने बघू. तळाच्या संघाचा सेंटर-बॅक ०-२ हरला, पूर्ण वेळ खेळला, आणि १० कृती झाल्या: २ अधिक २, दोन गोल खाल्ल्याचा उणे १, एकूण ३. आधी हाच माणूस १ गुणावर राहिला असता. कायसेदो, एलियट अँडरसन यांच्यासारखे दिवसभर चेंडू हिसकावणारे मिडफिल्डर, ज्यांना पूर्वी फॅन्टसीत कुणी विचारत नव्हतं, आता खरंच घेण्याजोगे झाले. चाहत्याला मैदानावर दिसणारं आणि आकड्यांत न उतरणारं काम इथे पहिल्यांदा मोजलं गेलं.

पण इथे फसणारेही खूप. मोठ्या संघाचा डिफेंडर घेतला की बचावाचे गुणही जास्त, असं नाही. चेंडू सतत आपल्याच पायात असलेल्या संघाचा सेंटर-बॅक क्लिअरन्स करणार तरी कशाला? आकडे येतात ते खाली बसून बचाव करणाऱ्या, लांब चेंडू आणि क्रॉस झेलणाऱ्या संघांत, आणि तेही सेंटर-बॅकला. फुलबॅकला १० गाठणं अवघड जातं. २०२५-२६मध्ये बोर्नमथचा सेनेसी, एव्हर्टनचा टार्कोव्स्की ही या कामाची माणसं होती. आर्सेनलचा गॅब्रिएल वेगळ्या कारणाने महाग: क्लीन शीट, आणि कॉर्नर-फ्रीकिकचा प्रशिक्षक निकोला जोव्हेरने २०२१पासून बसवलेल्या कॉर्नरवर हेडरचा गोल. मिडफिल्डरमध्ये प्रशिक्षकाने कुणाला किती मागे ठेवलंय ते बघा. मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा प्रशिक्षक अमोरिमने ब्रुनो फर्नांडिसला दोघांच्या मधल्या फळीत मागे खेळवलं तेव्हा त्याचे गोल करायचे मोके कमी झाले, पण पेनल्टी त्याच्याकडेच राहिल्या आणि चेंडू परत मिळवण्याचे आकडे वाढले. दोष म्हणायचा तर ९ला शून्य आणि १०ला २, अशी कड फार तीक्ष्ण आहे. सामन्यानंतर आकडे मोजणाऱ्या ऑप्टा कंपनीची तपासणी होते आणि ९चे १० किंवा उलटही होतं, त्यामुळे रात्री दिसलेला आकडा अंतिम समजू नये.

खेळाडूंच्या वारशाबद्दल बोलताना लोक हल्ली एफपीएलचे गुण पुरावा म्हणून फेकतात. सलाह ३४४, हालांड २७२, म्हणून सलाहचा हंगाम मोठा, असं. हे जरा थांबून तपासायला हवं. सलाहची नोंद मिडफिल्डर म्हणून होती: गोलला ५, वर क्लीन शीटचा १. हालांडने २०२२-२३मध्ये ३६ गोल केले, फॉरवर्ड म्हणून ४च्या दराने. तेच ५च्या दराने धरले तर ३६ गुण वाढतात, बेरीज ३०८ होते, क्लीन शीट वेगळ्या. लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझचं तर याहून लख्ख आहे. २०१३-१४मध्ये बंदीमुळे लीगचे पहिले पाच सामने तो खेळलाच नाही, तरी ३१ गोल, त्यांत एकही पेनल्टी नाही, आणि फॉरवर्डच्या दराने २९५ गुण. ३१ मिळवा: ३२६, तेही ३३ सामन्यांत. सलाहचा २०२४-२५चा हंगाम महान होताच, १८ असिस्ट कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण प्रीमियर लीगमधला सामन्यागणिक सर्वांत घातक हंगाम कुणाचा विचाराल तर माझं मत सुआरेझला. गुणतक्ता ते दाखवत नाही, कारण जागेची नोंद हंगामभर बदलत नाही.

ट्रान्सफरकडे, म्हणजे संघातला खेळाडू बदलण्याकडे वळू. दर आठवड्याला १ फुकट, न वापरल्यास साठत जाऊन ५पर्यंत. त्यावर प्रत्येकी उणे ४. बरेच खेळाडू आफ्रिका चषकासाठी आपापल्या देशाकडून खेळायला जाणार असल्याने २०२५-२६च्या १६व्या आठवड्यात सगळ्यांच्या फुकट ट्रान्सफर ५पर्यंत भरून दिल्या, हे न्याय्य होतं. किमती रोज रात्री ०.१ने हलतात, आणि विकताना नफ्यातला अर्धाच हातात येतो, तोही खाली उतरवून. ७.०ला घेतलेला ७.३ झाला तर विकून ७.१ मिळतात. तोटा मात्र पूर्ण तुमचा. त्यामुळे रविवारी रात्री किंमत वाढेल म्हणून घाईने खरेदी करण्यात अर्थ नाही. मंगळवार ते गुरुवार युरोपियन सामने असतात, तिथे तोच खेळाडू मांडी धरून बाहेर आला की बदलायला उणे ४ बसतात. ०.१ वाचवण्यासाठी ४ गुणांचा धोका. शुक्रवारच्या पत्रकार परिषदा होईपर्यंत थांबा.

डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे संघ जाहीर होण्यापूर्वीच. भारतात खेळणाऱ्यांनी वेळा लिहूनच ठेवाव्यात. शनिवारी इंग्लंडमध्ये साडेबाराचा सामना असेल तर आपली डेडलाइन दुपारी ३.३०, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की ४.३०. शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर उन्हाळ्यात ११ आणि हिवाळ्यात बरोबर मध्यरात्र. सर्वांत जास्त आठवडे चुकतात ते या शुक्रवारच्या सामन्यांमुळे.

चिप्स, म्हणजे मोजक्याच वेळा वापरता येणाऱ्या खास सवलती, २०२५-२६पासून दुप्पट झाल्या. वाइल्डकार्ड (हवे तेवढे बदल फुकट), फ्री हिट (तेच, पण एका आठवड्यापुरतं), बेंच बूस्ट (बाकावरच्यांचेही गुण धरतात), ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे गुण तिप्पट), प्रत्येकी दोन. पहिला संच १९व्या आठवड्याच्या डेडलाइनपर्यंत वापरायचा, नाहीतर गेला. एका आठवड्यात एकच चिप. एकाच आठवड्यात दोन सामने येण्याचे प्रकार बहुतेक वसंतात होतात, म्हणून पहिल्या अर्ध्यात ट्रिपल कॅप्टनसाठी अशा आठवड्याची वाट बघत बसू नये. घरच्या मैदानावर खालच्या लीगमधून नव्याने वर आलेला संघ समोर असला की वापरून टाका. बेंच बूस्ट वाइल्डकार्डच्या लगेच पुढच्या आठवड्यात लावा, कारण पंधराही जण खेळणारे असण्याची खात्री तेव्हाच असते. फ्री हिट बरेच सामने पुढे ढकललेल्या आठवड्यासाठी राखा. त्यानंतर जुना संघ आपोआप परत येतो. वाइल्डकार्ड किंवा फ्री हिट वापरल्याने साठलेल्या ट्रान्सफर आता जात नाहीत, हे अजून अनेकांना ठाऊक नाही.

खरी मजा खासगी लीगमध्ये. कोड पाठवला की मित्र आत येतात, क्लासिक (एकूण गुणांवर क्रमवारी) किंवा आमनेसामने (दर आठवड्याला एकास एक लढत). हंगाम अर्ध्यावर असताना सुरू करणाऱ्यांनी जुन्या लीगमध्ये शिरू नये, तिथे शेकडो गुणांची पिछाडी भरून निघत नाही. नवी लीग बनवा आणि बनवतानाच गुण कोणत्या आठवड्यापासून धरायचे ते निवडा. नव्या संघाला पहिल्या डेडलाइनपर्यंत हवे तेवढे बदल फुकट असतात, त्यामुळे तोवर सगळा संघ मोडून पुन्हा बांधला तरी चालतो.