परतणाऱ्या अफगाण कुटुंबाला काय द्यावं: हातात रोख की नावावर प्लॉट?

परवा एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. मुंबईत समाजकार्य शिकलेली, आता एका परदेशी संस्थेत आहे. अफगाणिस्तानात परतणाऱ्या कुटुंबांसाठी तिला कार्यक्रम आखायचाय आणि पैसा एकाच कामाला पुरेल एवढा आहे. सीमा ओलांडून आलेल्यांच्या हातात रोख ठेवायची, की तिथलं सरकार आखून देतंय त्या नव्या वसाहतींत घालायचा? "काका, तुम्ही तर दोन्ही केलंय," म्हणाली. केलंय खरं. 2007 नंतरची काही वर्षं मी पाकिस्तानच्या सीमेलगतच्या नांगरहार प्रांतात आणि काबूलच्या उत्तरेला शोमालीच्या मैदानात एका संस्थेचा इंजिनियर होतो. हाच निवाडा तेव्हा माझ्या टेबलावर आला होता, रक्कम लहान होती एवढंच. फोनवर तासभर बोललो, तरी बरंच राहिलं, म्हणून तिच्यासाठी आणि असाच कार्यक्रम आखणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी लिहून काढतो.

दोन शब्द आधीच सांगून ठेवतो: तोर्खम म्हणजे पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरचं ठाणं, आणि तझकिरा म्हणजे अफगाण ओळखपत्र.

आधी माझा कल सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हातचा राखता येईल. मी गेलो तेव्हा शंभर टक्के प्लॉटवाला होतो. आपला पिंडच तसा. नावावर सातबारा असल्याशिवाय आपल्याकडे माणसाला झोप लागत नाही. तीस वर्षं पेशावरच्या छावणीत काढलेल्या माणसाला हक्काची जमीन मिळतेय, याहून मोठं काय असणार? रोख काय, आज आहे उद्या नाही. परत आलो तो रोखवाला होऊन. का, ते सांगतो.

मार्च 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेनं आणि काबूलच्या सरकारनं घरवापसीचा कार्यक्रम सुरू केला आणि त्या एका वर्षात 18 लाखांवर लोक परतले. तेव्हापासून पद्धत साधारण तीच आहे. पाकिस्तानातल्या केंद्रावर नोंद करायची, फॉर्म घ्यायचा, ट्रक भरायचा आणि सीमा ओलांडून अफगाण हद्दीतल्या केंद्रावर पैसे उचलायचे. या केंद्रांना तिथे सगळे 'एन्कॅशमेंट' म्हणतात, पश्तो बोलणारेसुद्धा. काबूलजवळ पुल-ए-चरखीला एक आहे, तसंच एक जलालाबादच्या, म्हणजे नांगरहारच्या मुख्य शहराच्या, बाजूला.

एका सकाळी मी तिथे नुसता बसून होतो. रंगीबेरंगी ट्रकांची रांग लागलेली. ट्रकावर काय असेल? भांडी, बाजा, कोंबड्या असणारच. पण सगळ्यांत खाली, नीट रचून, छपराच्या तुळया असतात. दारं असतात, चौकटीसकट. छावणीतलं मातीचं घर पाडताना भिंती सोडून द्यायच्या आणि लाकूड तेवढं काढून घ्यायचं, कारण त्या देशात माती फुकट आहे आणि लाकूड सोन्याच्या भावानं. मग एका तंबूत पोरांना पोलिओचे थेंब आणि लशी. दुसऱ्या तंबूत एक जण लाकडी फळीवर ठोकलेले सुरुंग आणि बॉम्ब दाखवत असतो, याला हात लावायचा नाही, त्याला लाथ मारायची नाही. एका खोलीत डोळ्याच्या बुबुळाची तपासणी, म्हणजे तोच माणूस पुन्हा पलीकडे जाऊन दुसऱ्यांदा पैसे उचलत नाही ना, ते कळतं. ही युक्ती 2002 पासूनची. शेवटी खिडकी. माझ्या वेळी माणशी साधारण शंभर डॉलर मिळत. घरातला म्हातारा नोटा दोनदा मोजायचा, पटूच्या, म्हणजे खांद्यावरच्या शालीच्या, टोकाला गाठ मारायचा आणि ट्रक सुरू. तासा-दोन तासांत माणूस मोकळा. 'उद्या या' नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही.

दोष आहेतच. रक्कम वरखाली होत राहते. 2016 च्या मध्यात ती दोनशेवरून चारशे डॉलर केली आणि त्याच वर्षी पाकिस्तानात पोलिसांचा जाच वाढला. पावणेचार लाखांच्या आसपास नोंदणीकृत निर्वासित परतले. पैशाचं आमिष दाखवून लोकांना असुरक्षित देशात ढकललं, अशी टीका झाली, ती पोकळ नव्हती. पुढच्या वर्षी रक्कम पुन्हा दोनशेवर आली. शिवाय रोख आधी सावकाराकडे जाते, मग ट्रकवाल्याकडे, मग घराकडे. ज्याच्या गावी ना जमीन ना भाऊबंद, तो ती घेऊन जलालाबादेत भाड्याच्या खोलीत राहतो आणि चार महिन्यांत जैसे थे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नाकारत नाही.

आता प्लॉट. डिसेंबर 2005 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा 104 क्रमांकाचा हुकूम निघाला: परतलेल्या भूमिहीन कुटुंबांना सरकारी जमिनीवर प्लॉट द्यायचे, काम निर्वासित आणि घरवापसी मंत्रालयाचं. कागदावर झकास. अट एवढीच की तझकिरा हवा, घरवापसीचा फॉर्म हवा, स्वतःच्या किंवा बायकोच्या नावे कुठे घर-जमीन नको, आणि अर्ज आपल्या मूळ प्रांतातच करायचा. आता सांगा, पेशावरच्या छावणीत जन्मलेल्या माणसाला मूळ प्रांत काय कामाचा? त्याचा चुलता कुनारचा, धंदा जलालाबादचा, बायको लघमानची. भूमिहीन असल्याचा दाखला मलिकाकडून आणायचा. मलिक म्हणजे आपल्या जुन्या पाटलासारखा. तो ओळखत असेल तर ठीक, नसेल तर ओळख करून द्यायला काहीतरी द्यावं लागतं. तरीही वसाहती उभ्या राहिल्या. 2007 मध्ये पेशावरजवळची कच्चा गढीची आणि पुढच्या वर्षी जलोझईची छावणी बंद झाली, तेव्हा तिथले अनेक जण जलालाबादजवळच्या शेख मिसरीत उतरले. शोमालीकडे बारीकाब आणि ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधलेलं ॲलिसघान.

या वसाहतींवर लिहिणारे भ्रष्टाचारावर लिहितात, जमीन बळकावणाऱ्यांवर लिहितात. सगळं खरं. पण माझं मन फिरलं ते एका फार क्षुल्लक गोष्टीनं. टँकरच्या वेळेनं.

आमच्या वाट्याला एक वसाहत आली होती, नाव मुद्दाम घेत नाही. उघडं माळरान, चुन्यानं आखलेले चौकोन, वारा असा की तोंडात रेती. विहिरीला पाणी लागलं ते मचूळ, म्हणून टँकर यायचा. आता टँकर म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, माझं बालपण माणदेशात गेलंय. पण आपल्याकडे टँकरला बाया-पोरं धावतात, गडी कामावर जातो. तिथे अनोळखी ड्रायव्हर, अनोळखी शेजारी, दहा ठिकाणची माणसं एकत्र आणून टाकलेली. घरातली बाई त्या गर्दीत घागर घेऊन जाणार नाही. पोरं लहान असली तर कॅन उचलत नाहीत. मग घरातल्या पुरुषाला थांबावं लागतं. आणि टँकर कधी सकाळी सातला यायचा, कधी दुपारी दोनला, कधी उद्या. त्या दिवशीची मजुरी गेली. शहरात रोजंदारीचा नाका पहाटे भरतो. सातनंतर तिथे कुणी उचलत नाही.

तिथे एक गवंडी होता, पन्नाशीचा, सगळी हयात पेशावरात गेलेली. त्याचं उर्दू माझ्या हिंदीपेक्षा चांगलं. एकदा मी त्याला विचारलं, "उस्ताद, घर तर उभं राहिलं, मग कुलूप लावून जाताय कुठे?" तो म्हणाला, "इंजिनियर साहब, आठवड्यातले तीन दिवस मी पाण्याची वाट बघतो आणि तीन दिवस गाडीची. जुम्मा खुदाचा. काम कधी करू?" मी मनातल्या मनात हिशेब मांडला. शेअर टॅक्सीचं जाण्यायेण्याचं भाडं काढलं, टँकरचे दिवस काढले, आणि हातात राहणारी रक्कम बघून वही मिटली. मोजमाप म्हणून याला फार किंमत देऊ नका, एका माणसाचा हिशेब आहे. पण त्यानंतर मी रोज सकाळी त्या गल्ल्यांतून कुलपं बघत फिरलो, आणि ती दर महिन्याला वाढत होती.

मला किल्लारी आठवली. 1993 च्या भूकंपानंतर नवी गावं बांधली, तिथे मी शिकाऊ म्हणून होतो. रुंद रस्ते, सरळ रेषेतली घरं, आणि शेत लांब. लोकांनी हळूहळू आपल्या सोयीनं भिंती वाढवल्या, गोठे घातले, शेतात पुन्हा पत्र्याची शेड उभारली. तिथे निदान शेत तरी होतं.

त्याच सुमारास आमच्या संस्थेकडे थोडी रक्कम उरली होती. ती वसाहतीत घालायची की गावोगाव आपल्या जुन्या जागेवर परतलेल्यांना द्यायची, हे ठरवायचं होतं. मी गावांचं नाव पुढे केलं. रोख वाटपाला जोडून संयुक्त राष्ट्रांचा घरबांधणीचा एक साधा प्रकार चालायचा, 2002 पासून दोन लाखांवर घरं त्यातून झाली: तुळया, दारं, खिडक्या आपण द्यायच्या, मातीच्या विटा आणि अंगमेहनत घरवाल्याची. आम्ही तेच केलं. एका गावात पडीक कारेज होता, म्हणजे डोंगरातून जमिनीखालून आणलेला पाण्याचा बोगदा, आपल्या औरंगाबादच्या नहर-ए-अंबरीचा भाऊबंद म्हणा. गावकऱ्यांनी तो स्वतःच्या पैशानं, म्हणजे त्या डॉलरांतूनच, उपसून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी कुठे मुरतं हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

वसाहतीच्या बाजूनं प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. विधवा बाई, पाठीमागे दीर-भाऊ नाहीत, गावात जमिनीवर चुलत्यांचा डोळा, अशा घराला नावावरचा कागद हाच आधार. आणि दवाखाना, शाळा वसाहतीत एका जागी देता येते. अर्थात आज शाळा म्हणताना अडखळायला होतं, मुलींना सहावीच्या पुढे बंदीच आहे. डिसेंबर 2022 मध्ये स्वयंसेवी संस्थांतल्या अफगाण बायकांच्या कामावर बंदी आली, तेव्हापासून एकट्या बाईपर्यंत रोख पोचवणंही अवघड झालंय, हेही रोखीच्या विरुद्ध जातं. कारण तिचं नाव यादीत घालायला दारात बाईच जावी लागते.

माझा काळ वेगळा होता, हे मान्य. नोव्हेंबर 2023 पासून पाकिस्ताननं माणसं काढायला सुरुवात केली, 2025 च्या जुलैत इराणनं देश सोडायला दिलेली मुदत संपली, आणि त्या एका वर्षात दोन्हीकडून मिळून 20 लाखांहून जास्त लोक आत आले. यातल्या कित्येकांना तुळया काढून घ्यायला सवडच मिळाली नाही. इराणच्या सीमेवरच्या इस्लाम कला ठाण्यावर लोक हातातल्या पिशवीनिशी उतरले. सध्याच्या राजवटीनं तोर्खमला ओमरी छावणी उभी केली, प्रांतापर्यंत गाडी दिली, सिमकार्डं वाटली, आणि प्लॉटांची जुनी कल्पना नव्या वसाहतींच्या नावानं पुन्हा काढली आहे. बिनातुळईच्या माणसाला गावी पाठवून चालेल का, हा प्रश्न मला पडतो. कदाचित रक्कम वाढवून, लाकूड वेगळं देऊन चालेल. मी तरी तिकडेच झुकतो.

तरीही तुमच्या वरिष्ठांनी वसाहतच घ्यायची असं ठरवलं, तर घरांना हात लावू नका. आधी बोअर मारा, पाणी चाखून बघा, तेही उन्हाळ्यात. मग पंप. आणि पंपाच्या डिझेलचे पैसे दुसऱ्या वर्षी कोण भरणार, त्या माणसाचं नाव पहिल्याच करारात लिहून घ्या.