पोरासाठी लाकडी बेसबॉल बॅट: मॅपल, बर्च, अॅश की बांबू?

माझा भाचा अमळनेरला राहतो, बारा वर्षांचा, उंची साडेचार फुटाच्या थोडी वर, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये घेतलाय त्याला. सरांनी सांगितलं की मॅचला अॅल्युमिनियमची बॅट शाळेची आहेच, पण घरी प्रॅक्टिसला लाकडी घ्या, हात बसेल. ताईचा फोन आला, "तूच बघ रे, दाजींना यातलं काही कळत नाही." खरं सांगायचं तर तेव्हा मलाही फार कळत नव्हतं, पण गेल्या वर्षभरात चार प्रकारच्या बॅटी हाताळल्या, पोरांना मारताना समोर उभं राहून बघितल्या, म्हणून आता जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे क्रिकेटची बॅट कशी बघायची हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, बेसबॉलची बॅट हातात घेऊन चाललं तर अजून म्हातारी माणसं विचारतात, "हाई काय शे रे भो?"

आधी काय घेऊ नका ते सांगतो कारण आमचे पैसे तिथेच गेले. बाजारात बेसबॉल बॅट म्हणून जी चकचकीत लाल-काळ्या रंगाची मिळते, लोक गाडीत सीटखाली ठेवायला घेतात ती, ती खेळायची वस्तू नाही. आम्ही एका दुकानातून तसलीच आणली, तिसऱ्या दिवशी हँडल मधून गेलं, आणि तुटलेला भाग बघितला तर लाकूड हलकं, भुसभुशीत, रेषा तिरप्या. रंग जाड असला की खालचं लाकूड दिसतच नाही, आणि लाकडी बॅटीत बघायची मुख्य गोष्ट तर तीच. पोराच्या तोंडापासून हातभर अंतरावर ती तुटली, तेव्हापासून ताई अजून घाबरते. तर पूर्ण रंगवलेली बॅट लहान पोरासाठी नको, लाकडाच्या रेषा डोळ्यांना दिसल्या पाहिजेत.

आता वजन. मॅपलचं लाकूड की बर्चचं हा वाद लोक आधी घालतात, माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न वजन आणि लांबी. बॅटीवर लांबी इंचात आणि वजन औंसात असतं, एक औंस म्हणजे साधारण 28 ग्रॅम. लांबीच्या आकड्यातून वजनाचा आकडा वजा केला की जे उरतं त्याला ड्रॉप म्हणतात. 29 इंची बॅट 24 औंसाची असेल तर ड्रॉप उणे 5, म्हणजे बॅट 680 ग्रॅमची. तीच 29 इंची 27 औंसाची असेल तर उणे 2, म्हणजे 765 ग्रॅम. ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमचा फरक आपल्याला काहीच वाटत नाही पण बारा वर्षांच्या पोराच्या मनगटाला विचारा, जड बॅटीनं ते पोर उशिरा फिरवतं, मग बॉल गाठायला खांदा आधीच उघडतं आणि ती सवय पुढं दोन-दोन वर्षं जात नाही. आम्ही बॅट आल्यावर गल्लीतल्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, कारण लाकूड नैसर्गिक आहे, छापलेला आकडा आणि खरं वजन यात थोडा फरक निघतो. घरी करायची परीक्षा सोपी आहे, नॉबजवळ, म्हणजे हँडलच्या टोकाच्या गोल गाठीजवळ, एका हातानं धरून बॅट समोर आडवी ताणायला सांगा, वीसेक सेकंद हात न थरथरता राहिला तर वजन चालेल. लांबीसाठी बॅट पायाशेजारी उभी करा, हात सरळ खाली सोडल्यावर तळवा नॉबपर्यंत आरामात पोचला पाहिजे. भाच्याला 29 बसली. "पुढच्या वर्षी वाढेल, मोठीच घेऊ" हे चपलांना ठीक आहे, बॅटीला नाही.

मग लाकूड. अॅश हे जुनं लाकूड, अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या बॅटी याच्याच. थोडं लवचिक असतं, बॉल लागला की हँडल किंचित देतं, हाताला झिणझिण्या कमी. वजनालाही मॅपलपेक्षा हलकं, त्यामुळे लहान पोराला चांगलं. पण त्याच्या रेषा मोकळ्या असतात, मारून मारून बॅरलवरचे, म्हणजे बॉल लागतो त्या जाड भागावरचे, पापुद्रे सुटायला लागतात. शिवाय 2002 साली मिशिगनमध्ये एक हिरवा भुंगेरा सापडला जो अॅशची झाडं आतून पोखरतो, तेव्हापासून तिकडे ही झाडं प्रचंड संख्येनं मेली आणि चांगलं अॅश मिळणं अवघड झालं. आपल्याकडे तर शोधूनच मिळते. मी एकच बघितली, पुण्याहून आलेल्या एका पोराकडे, फिरवायला फार सुंदर होती.

मॅपल घट्ट आणि कडक. 2001 मध्ये अमेरिकेच्या बॅरी बाँड्स या खेळाडूनं एका सीझनला 73 होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारले ते मॅपलच्या बॅटीनं आणि त्यानंतर बरेच खेळाडू मॅपलकडे वळले. बॉल कडक लागतो, आवाज असा येतो की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं वळून बघतात, बॅरल पापुद्रे सोडत नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक, सारख्या मापाची मॅपल बॅट अॅशपेक्षा सहसा जड. दुसरं, ती तुटते तेव्हा सांगून तुटत नाही, अॅशला आधी चीर दिसते, मॅपलचा एकदम तुकडा उडतो. अमेरिकेच्या मोठ्या लीगनं 2008 मध्ये तुटलेल्या बॅटींचा अभ्यास केला, मग मॅपल आणि बर्चच्या हँडलवर शाईचा ठिपका टाकायची पद्धत आली. शाई लाकडाच्या रेषेतून पसरते, ती रेघ बॅटीच्या सरळ रेषेपासून तीन अंशांपेक्षा जास्त तिरपी गेली तर ती बॅट बाद. महागड्या बॅटीवर असा काळा ठिपका दिसला तर तो डाग नाही, ती चांगली खूण आहे.

बर्च या दोघांच्या मधे. मॅपलपेक्षा थोडं मऊ आणि लवचिक, अॅशसारखे पापुद्रे सुटत नाहीत. चुकून हँडलजवळ बॉल लागला, आणि लहान पोरांचा तर तो लागतोच, तर हात कमी झणझणतात, बॅटही सहज तुटत नाही. एकच आहे, नवीन बर्च बॅट लगेच शंभर टक्के देत नाही, सुरुवातीला बॅरल मऊ वाटतं, मारून मारून घट्ट होतं. आम्ही भाच्याला पहिले काही दिवस नुसतं हलकं टी-वर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर) मारायला लावलं, बॅट फिरवून फिरवून लेबलच्या दोन्ही बाजूंनी. शेवटी बर्चच घेतली आम्ही आणि मला विचाराल तर दहा ते चौदा वर्षांच्या पोराला पहिली लाकडी बॅट बर्चचीच द्या.

बांबूचं वेगळं आहे. बांबू म्हणजे गवतच, त्याच्या पट्ट्या चिकटवून दाबून ठोकळा करतात आणि त्यातून बॅट काढतात. टिकते फार. चार पोरं एकाच बॅटीनं रोज मारणार असतील, क्लबचं किंवा शाळेचं सामान घ्यायचं असेल, तर बांबूसारखं पैसा वसूल काही नाही. पण हातात जड आणि ताठ वाटते, चुकीचा बॉल लागला की कोपरापर्यंत कळतं. आणि ती एकाच लाकडाच्या तुकड्याची नसल्यामुळे काही स्पर्धांत लाकडी बॅट म्हणून धरत नाहीत, म्हणून मॅचसाठी घ्यायची असेल तर आधी सरांना विचारा. चिकटवलेल्या जोडांत फट दिसायला लागली की वापर बंद.

हँडलबद्दल थोडक्यात, कारण दुकानात मॉडेलचे नंबर सांगून गोंधळवतात. 243 म्हणजे जाड बॅरल, बारीक हँडल, वजन टोकाला, ताकदवान मोठ्या मुलांसाठी. 110 चं हँडल जाड, वजन सगळीकडे सारखं विभागलेलं. 271 त्यांच्या मधलं. लहान पोराला 271 किंवा 110, विषय संपला. टोकाला वाटीसारखा खड्डा कोरलेला असेल तर अजून चांगलं, टोकाचं वजन कमी होतं.

सॉफ्टबॉल आपल्या जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच शाळांत आहे, त्यामुळे घरात ताईची किंवा दादाची सॉफ्टबॉलची बॅट पडलेली असते आणि लोक म्हणतात तीच वापर. नका वापरू, ती मोठ्या आकाराच्या बॉलसाठी केलेली असते, बेसबॉलनं तिला खड्डे पडतात. उलटंही लक्षात ठेवा, लाकडी बेसबॉल बॅटीनं क्रिकेटचा सीझन बॉल मारू देऊ नका. बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा, सीझन बॉल 156 ते 163 चा, वर शिवण टणक. आमच्याकडे गल्लीतल्या मित्रांनी हट्ट केला म्हणून भाच्यानं चार बॉल मारले आणि बॅरलवर शिवणीचे ठसे उमटले, रडला बिचारा.

पोराला एवढं एक शिकवा, बॉलला बॅट लागते त्या क्षणी लेबल आकाशाकडे. चांगले बनवणारे लेबल अशा जागी लावतात की तसं धरल्यावर बॉल लाकडाच्या मजबूत बाजूला लागतो. लेबलवरच बॉल लागला तर चांगली बॅटसुद्धा तुटते.

आपल्याकडचं ऊन हा वेगळाच मुद्दा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास जातो, त्यात बॅट गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत राहिली की लाकूड सुकून ठिसूळ होतं, आणि पावसाळ्यात ओल्या मैदानावर टाकून दिली तर पाणी पिऊन जड होते. घरात भिंतीच्या खिळ्याला टांगून ठेवा, ओली झाली तर सुती कपड्यानं पुसा, उन्हात वाळवू नका.

ऑनलाइन मागवली तर पार्सल उघडल्यावर लगेच खेळायला देऊ नका. हँडलच्या रेषा उजेडात बघा, नॉबपासून वर सरळ जातात का तिरप्या बाहेर पडतात ते. मग नॉब हलकेच फरशीवर आपटा, चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, आत चीर असेल तर भद्द येतो. आमची पहिली बर्च अशीच भद्द वाजली, चीर बॉल लागण्याआधीच होती म्हणून परत घेतली त्यांनी, आठ दिवसांनी दुसरी आली, ती वाजवून बघितल्यावरच भाच्याच्या हातात दिली.