एकच ॲम्प, तीन स्पीकर: ८, १० आणि १२ इंच

माझ्याकडच्या ५ वॉटच्या छोट्या ट्यूब ॲम्पमध्ये, म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये, ८ इंची स्पीकर आहे आणि मागे बाहेरचा कॅबिनेट (स्पीकर बसवलेली वेगळी पेटी) जोडण्याची सोय आहे. या सोयीमुळे तोच ॲम्प, तीच गिटार आणि नॉबच्या त्याच जागा ठेवून १० इंची व १२ इंची स्पीकर महिनाभर आलटूनपालटून वाजवता आले. हा अभिप्राय त्या महिन्यावर आधारित आहे.

मूळ ८ इंची स्पीकरचा स्वभाव मधल्या पट्टीचा आहे. गिटारच्या सहाव्या मोकळ्या तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, तर एवढ्या लहान कोनची (स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूची) नैसर्गिक कंप्रता बहुतेक वेळा १०० हर्ट्झच्या वर असते. त्यामुळे मूळ सूर क्षीण होतो आणि १६४ हर्ट्झच्या दुसऱ्या स्वरांशावरून (मूळ सुराच्या दुप्पट कंप्रतेच्या घटकावरून) आपला कान तो भरून काढतो. तळहात टेकवून ही तार छेडली की छातीत ‘धप’ उमटण्याऐवजी लाकडावर टिचकी मारल्यासारखा ‘टप’ ऐकू येतो. याचा सगळा दोष मात्र मी स्पीकरवर ढकलणार नाही. ॲम्पची पेटी इतकी लहान आणि मागून उघडी आहे की कोनच्या मागची लाट वळसा घालून पुढे येते आणि खर्जातला बराच भाग तिथेच खाऊन टाकते. हाच स्पीकर मोठ्या पेटीत बसवला, तर तो इतका किरकोळ वाटणार नाही.

१२ इंची कॅबिनेट जोडताच पहिला फरक जाणवतो तो आवाजाच्या पातळीचा. कोनचे क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोनपट झाले, आणि त्यात स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॉटमध्ये निघणारा आवाज) ३ डेसिबलने जास्त असेल, तर ते ॲम्पचे वॉट दुप्पट करण्यासारखेच ठरते. खर्ज भरीव झाला, कॉर्ड रुंद वाटू लागले. किंमत मोजावी लागते ती दिशेच्या बाबतीत. कोन जितका मोठा, तितके वरचे सूर अरुंद झोतात जातात. म्हणून कोनसमोर कान नेला की ट्रेबल टोचते आणि दोन पावले बाजूला सरकले की तोच टोन घोंगडी पांघरल्यासारखा मंद होतो. कॅबिनेट जमिनीवर ठेवून उभ्याने वाजवणारे स्वतःचा आवाज मंद समजून ट्रेबल वाढवत नेतात आणि त्याचा त्रास समोरच्या श्रोत्यांना होतो. कॅबिनेट मागे कलता ठेवल्यावर माझे निम्मे काम झाले.

१० इंची स्पीकरला लोक मधली तडजोड समजतात, ते मला पटत नाही. त्याचा कोन हलका असल्याने छेडल्याबरोबर सूर उमटतो आणि खर्जही बऱ्यापैकी टिकतो. शिवाय संख्येचाही हिशेब आहेच: बास गिटारसाठी बनवलेल्या १९५९ च्या फेंडर बासमन ॲम्पमध्ये १० इंचीच स्पीकर होते, पण चार, म्हणजे एका १२ इंचीच्या पावणेतीनपट क्षेत्रफळ.

स्पीकर बदलताना ॲम्प आधी बंद करावा आणि स्पीकरचा ओमचा आकडा (विद्युत अवरोध) ॲम्पवर दिलेल्या आकड्याशी जुळवावा. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता चालवणे म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा भाग) जोखमीत टाकणे.

सध्या माझा ॲम्प १० इंची कॅबिनेटवर चालतो. ८ इंची स्पीकर मी फक्त मायक्रोफोन जवळ लावून रेकॉर्डिंग करण्यापुरता वापरतो. तिथे बासशी टक्कर न होणारा त्याचा तोकडा खर्जच सोयीचा पडतो.