गुडघ्याची झीज: आधी सुया की आधी व्यायाम?

झिजलेल्या गुडघ्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर घ्यावं की व्यायाम सुरू करावा, असं कुणी विचारलं तर मी व्यायाम सांगते. सुयांनी बरं वाटत नाही असं मुळीच नाही. बऱ्याच जणांना वाटतं. पण ते कशामुळे वाटतं आणि किती टिकतं, हे बघायला हवं.

जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. हजाराच्या आसपास रुग्ण होते. काहींना चिनी पद्धतीच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचल्या, काहींना मुद्दाम भलत्याच जागी, वरवर. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ५३ टक्के लोकांना चांगला फरक पडला होता, दुसऱ्यात ५१ टक्के. सुया न घेता फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा २९ होता. म्हणजे आराम खरा, पण बिंदू अचूक साधण्यावर तो फारसा अवलंबून नाही. शांतपणे आडवं होणं, कुणीतरी आस्थेने विचारपूस करणं आणि बरं वाटेल ही आशा, यांचा त्यात मोठा वाटा असावा. म्हणूनच ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत या दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये त्याला सशर्त होकार दिला होता. व्यायाम आणि वजन घटवणं यांची शिफारस मात्र ठामपणे केली होती.

व्यायामाचं दुखणं वेगळं: सुरुवातीला कंटाळा येतो, गुडघा थोडा कुरकुरतो, फरक जाणवायला काही आठवडे जातात. पण मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघा सावरला जातो, आणि ही ताकद आपल्याजवळ राहते. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. इतक्यापासून सुरुवात होते. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

दुखण्यामुळे व्यायामच जमत नसेल, पेनकिलर पोटाला किंवा मूत्रपिंडाला झेपत नसतील, तर सुया जरूर घेऊन बघाव्यात. प्रशिक्षित व्यक्ती आणि निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया असतील तर धोका कमी. बारीकसं काळंनिळं होतं एवढंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया, म्हणजे ज्यांतून हलका वीजप्रवाह सोडतात त्या, नकोत. काही बैठकांनंतरही जिना उतरताना तसंच दुखत असेल तर पुढच्या बैठकांचे पैसे वाचवा.

गुडघा अचानक सुजून गरम झाला, सोबत ताप आला, तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून तडक डॉक्टरांकडे जा.