नव्या पेठेतील एक अभ्यासिका: चार महिन्यांच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

पुण्यात शास्त्री रस्त्यावरून नव्या पेठेत शिरले की जवळजवळ प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी अभ्यासिकेची पाटी दिसते. त्यांपैकी एका अभ्यासिकेत मी गेले चार महिने रोज संध्याकाळी जाते आहे. इथले बहुतेक सभासद स्पर्धा परीक्षांची किंवा सीएची तयारी करतात. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझी अडचण थोडी वेगळी होती. अभ्यास समजत होता, पण काही केल्या सुरू होत नव्हता. अशीच अडचण असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिते आहे.

गेल्या सत्रात स्टील स्ट्रक्चर्स विषयाच्या ड्रॉइंग शीट्स मी सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत टाळल्या आणि शेवटी काचेखाली बल्ब लावून मैत्रिणीच्या शीट्स जशाच्या तशा उतरवून काढल्या. याला आमच्याकडे ‘जीटी’ (ग्लास ट्रेसिंग) ‘मारणे’ म्हणतात. शीट्सवर सही मिळाली, मात्र तोंडी परीक्षेत प्लेट गर्डरला (पोलादी प्लेट जोडून केलेल्या मोठ्या तुळईला) स्टिफनर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, कशासाठी लावतात, एवढेच विचारले गेले आणि मी गप्प राहिले. स्वतःच्या हाताने ओढलेल्या रेषेचा अर्थ आपल्याला ठाऊक नसावा, याची मला फार लाज वाटली. सुट्टी संपताच मी अभ्यासिकेत नाव घातले.

महिन्याला १,२०० रुपये शुल्क आणि ५०० रुपये अनामत घेतात. चाळीसएक टेबले आहेत, प्रत्येकाला प्लायवुडचा आडोसा, डोक्यावर दिवा आणि हाताशी प्लग आहे. माझ्या आडोशावर आधीच्या कोणीतरी बॉलपेनने चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, असे पाचापाचांचे गट पार कोपऱ्यापर्यंत मोजत नेले आहेत. शांतता चांगली आहे, परंतु शांतता मला कॉट बेसिसवरच्या खोलीतही मिळत होती. इथे वेगळ्या आहेत त्या दोन गोष्टी. दाराशी मोबाइल ठेवण्यासाठी लाकडी खण आहेत, त्यांवर ऑइलपेंटने टेबलांचे क्रमांक घातले आहेत, आणि मोबाइल आत न्यायचा नाही हा नियम खरोखर पाळला जातो. खणांशेजारी एक रजिस्टर असते, त्यात आल्याची आणि गेल्याची वेळ लिहून सही करावी लागते.

चालढकल म्हणजे आळस, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फ्यूशिया सिरोइस आणि टिमथी पिचल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात याहून वेगळी मांडणी केली आहे. त्यांच्या मते काम टाळणारा माणूस बहुतेक वेळा त्या कामाने मनात उठणारी नकोशी भावना टाळत असतो आणि आत्ता बरे वाटावे म्हणून पुढचा त्रास ओढवून घेतो. माझ्याबाबतीत हे तंतोतंत खरे आहे. डिझाइनच्या आकडेमोडीचे कोरे पान समोर आले की पोटात खड्डा पडायचा आणि हात मोबाइलकडे जायचा. इथे मोबाइल हवा असेल तर खुर्ची मागे सारून, रजिस्टर सांभाळणाऱ्या काकांसमोरून दारापर्यंत जावे लागते, आणि तेवढा विचार मनात येईपर्यंत बहुतेक वेळा पुढची ओळ लिहून झालेली असते.

काका कोणाला रागावत नाहीत. तिसऱ्याच दिवशी मी चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले, तेव्हा त्यांनी पेन पुढे करत एवढेच विचारले, “ताई, तुमची वेळ सहाची ना?” त्यानंतर मी क्वचितच उशीर केला आहे.

वेळेचे तुकडे पाडण्यासाठी मी पोमोडोरो पद्धत वापरते. फ्रान्सेस्को सिरिलो यांनी ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस, इटलीत विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर समोर ठेवून सुरू केली. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती, असा तिचा क्रम आहे. टिकटिकणारा टायमर इथे चालणार नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळावर काम भागवावे लागते.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. टेबलावर ड्रॉइंग बोर्ड मावत नाही, त्यामुळे मी आकडेमोड इथे करते आणि शीट कॉलेजच्या ड्रॉइंग हॉलमध्येच काढते. मुलींसाठी एकच स्वच्छतागृह आहे आणि संध्याकाळी त्यासाठी थांबावे लागते. गटाने चर्चा करायला वेगळी खोली नाही. दाराची बिजागरी करकरते, त्याकडे दोनदा लक्ष वेधूनही अजून तेल पडलेले नाही, आणि ज्याचे लक्ष आधीच सहज विचलित होते त्याला हा आवाज फार जाचतो.

तरीही हे १,२०० रुपये माझ्या दृष्टीने सार्थकी लागले आहेत. या सत्रातल्या तीन शीट्स मी तारखेच्या आत तपासून घेतल्या, तिन्ही स्वतः मांडलेल्या आकडेमोडीवरून काढलेल्या. प्लेट गर्डरची पातळ वेब, म्हणजे मधली उभी प्लेट, भाराखाली फुगून वाकू नये म्हणून स्टिफनर लावतात, हे आता मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल.

नाव घालायचे असेल तर सुरुवातीला एकाच महिन्याचे पैसे भरावेत, आपल्या नेहमीच्या वेळी एकदा प्रत्यक्ष जाऊन बसून पाहावे, आणि जागा शक्यतो खिडकीकडची, दारापासून लांबची मागून घ्यावी.